लाकडी रिव्हॉल्व्हर आणि मी

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला दहा मिनिटे दिली आहेत आणि वर ताकीदही दिली आहे. "काका, बँकेच्या गोष्टी आम्ही सगळ्या ऐकल्या. तुमच्या पिस्तुलांबद्दल सांगा." तर तेच सांगतो.

आधी एक जाहीर माफी. काही वर्षांपूर्वी कार्यकारिणीकडे माझ्याविरुद्ध अर्ज आला होता. दुपारी दोन ते चार या झोपेच्या वेळेत माझ्या घरातून कानस घासल्याचा आवाज येतो, असे त्यात लिहिले होते. अर्ज शंभर टक्के खरा होता. कार्यकारिणीने मला नोटीस काढली नाही. सभागृहामागची पत्र्याची शेड दिली आणि चार ते सहा ही वेळ ठरवून दिली. पंचवीस वर्षांपूर्वी आपण एकाच हातपंपावर रांगेने पाणी भरले, त्यामुळे एकमेकांना सांभाळून घ्यायची सवय आपल्याला आहे, एवढेच म्हणतो.

ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी जुन्या पद्धतीचे रिव्हॉल्व्हर लाकडात बनवतो. त्यात गोळी नाही, बारूद नाही. नळीला तोंडाशी जेमतेम अर्धा इंच भोक, पुढे भरीव लाकूड. पण घोडा मागे ओढला की सिलिंडर एक घर फिरतो आणि जागेवर पक्का बसतो. चाप ओढला की घोडा 'टक्' करून पडतो. 'चालणारे' म्हणायचे ते एवढ्याच अर्थाने.

हे वेड आले कुठून? माझे वडील वाढई होते. बैलबंडी, नांगर, तान्ह्या पोळ्याचे नंदी, दाराच्या चौकटी, आणि सावलीत खादीचे काम जोरात होते तेव्हा चरखेसुद्धा, सगळे त्यांच्या हातून गेले. आपल्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक. नाटकासाठी लागणाऱ्या तलवारी आणि बंदुका बाबाच करून द्यायचे. सागवानाची बंदूक, त्यावर जवसाच्या तेलात कालवलेली काजळी. कंदिलाच्या उजेडात मागच्या माणसालाही ती खरी वाटायची.

बंदुकीचा आवाज काढायचे काम माझ्याकडे होते. नायकाने चाप ओढला की विंगेत दगडावर टिकली ठेवून हातोडी मारायची. एका थंडीत तिसरा अंक सुरू असताना मला झोप लागली. नायकाने नेम धरला, चाप ओढला, आणि सगळे शांत! खलनायक तसाच उभा. प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडले, "मर ना गा आता!" तेवढ्यात बाबांनी हातातला ठोकळा फळीवर दाणकन आपटला आणि तो बिचारा एकदाचा पडला.

बाबा मला रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी एवढेच म्हणाले, "बंदुकीतूनच आवाज निंगाला पायजे गा." मग त्यांनी हलणारा घोडा करायला घेतला. एकदा मला हाक मारली, "जरा पकडून धर." माझी बी. कॉम.ची परीक्षा होती. मी म्हणालो, "मला वेळ नाही." पुढे बँकेची नोकरी, बदल्या, बढत्या. वेळ नाही तो नाहीच. बाबा गेले. त्यांची हत्यारांची पेटी मी गावोगाव बदलीच्या सामानात नेली, पण उघडली निवृत्तीनंतरच. पटाशा, वाकस, गिरमिट, आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेला धावड्याच्या लाकडाचा एक अर्धवट घोडा.

आता थोडा इतिहास. या यंत्राच्या जन्मकथेत लाकूडही आहे आणि हिंदुस्थानही. 1830 साली सॅम्युअल कोल्ट नावाचा सोळा वर्षांचा अमेरिकन मुलगा 'कॉर्व्हो' नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून कलकत्त्याच्या सफरीला निघाला. त्या सफरीत त्याने फिरत्या सिलिंडरचे मॉडेल लाकडात कोरले. कोणी म्हणतात सुकाणूचे चाक पाहून सुचले, कोणी म्हणतात नांगर ओढायचा रहाट पाहून. त्याचे लाकडी मॉडेल त्याच्या हार्टफर्ड या गावच्या संग्रहालयात जपून ठेवले आहे. 25 फेब्रुवारी 1836 ला त्याला अमेरिकेत पेटंट मिळाले. 1842 मध्ये त्याचा पहिला कारखाना बंद पडला. (मी शाखाधिकारी असतो तर खाते एनपीए!) 1847 मध्ये सरकारकडून एक हजार रिव्हॉल्व्हरची ऑर्डर मिळाली आणि गाडी रुळावर आली.

मी नमुना घेतला तो त्याच्या 1851 च्या 'नेव्ही' मॉडेलचा. साडेसात इंच नळी, सहा घरे. नातवाने आराखडे छापून आणून दिले. आत पाहिले आणि मी थक्क झालो. घोड्याला एक बारीक दांडी जोडलेली असते. घोडा मागे आला की ती वर सरकते आणि सिलिंडरच्या मागच्या दात्याला ढकलते. त्याच्या आधी क्षणभर खालची खिट्टी खाचेतून खाली उतरते, सिलिंडर साठ अंश फिरतो, आणि खिट्टी पुढच्या खाचेत परत बसते. कमानी सगळ्या पट्टीच्या, म्हणजे सपाट. त्यामुळे माझे काम सोपे झाले. सपाट कमान बांबूची होते, आणि बांबूला आपल्याकडे काय तोटा?

लाकडेही आपलीच. सांगाडा आणि नळी सागवानाची. 2023 साली अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान गेले, त्याचेच हे गाववाले, फक्त हे जुन्या दाराच्या चौकटीचे तुकडे. मूठ शिसमाची. मार खाणारे भाग, म्हणजे दांडी, खिट्टी आणि घोडा, धावड्याचे. कुऱ्हाडीचा दांडा धावड्याचा का करतात, ते हातात कानस घेतल्यावर कळते.

पहिल्या सिलिंडरला मला चार महिने लागले. सहा खाचांपैकी प्रत्येकीत केसाएवढी चूक असेल तर पहिल्या घराला दिसत नाही, दुसऱ्याला दिसत नाही, सहाव्याला सगळी मिळून समोर येते. आमच्या वेळी बँकेत दोन पैशांच्या फरकासाठी रात्री अकरापर्यंत लेजर तपासायचो. तोच अनुभव, फक्त इथे ओव्हरटाइम नाही.

घोडा मात्र जमेना. तीन केले, तिन्ही अंगठ्याच्या जागी मोडले. चौथ्याच्या आधी बाबांचा अर्धवट घोडा चष्मा लावून नीट पाहिला. लाकडाची नस त्यांनी घोड्याच्या मानेबरोबर उभी ठेवली होती. मी आडवी कापत होतो. पन्नास वर्षांपूर्वी "जरा पकडून धर" म्हणाले तेव्हा पाच मिनिटे थांबलो असतो, तर तेव्हाच कळले असते.

आता जे सांगतो ते आजवर फार थोड्या लोकांना सांगितले. पहिला रिव्हॉल्व्हर पूर्ण झाला तेव्हा मी त्याला काळा रंग दिला. अगदी खरा दिसावा म्हणून शिशाच्या पेन्सिलीची भुकटी चोळली. गडचिरोलीच्या एका मित्राला दाखवायला पिशवीत घालून एसटीने निघालो. व्याहाड गेले, वैनगंगेचा पूल ओलांडला आणि पुढे तपासणीसाठी गाडी थांबवली. एका तरुण शिपायाने माझी पिशवी उघडली. तो माझ्या नातवाच्या वयाचा असेल. त्याचा चेहरा एकदम बदलला, हात स्वतःच्या बंदुकीवर गेला. गाडीतल्या बायांनी लेकरे जवळ ओढली. मी "लाकडाची आहे, लाकडाची आहे" म्हणत होतो, पण घशातून आवाज निघेना. विंगेतल्या त्या रात्रीसारखेच!

साहेबांनी ती हातात घेतली, वजनावरूनच ओळखली. मला पाणी दिले. म्हणाले, "बाबा, कला चांगली आहे. पण अंधारात हे पोराच्या हातात असतं आणि समोर आमचा माणूस असता तर?" आपल्या दोन जिल्ह्यांत या प्रश्नाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

मी मित्राकडे गेलोच नाही. परतीच्या गाडीने घरी आलो आणि रात्री बसून सगळा रंग खरवडून काढला.

आपल्या कॉलनीतल्या एका निवृत्त गुरुजींनी मला आधी विचारले होते, "1936 साली गांधी सेवा संघाच्या बैठकीसाठी गांधीजी ज्या सावलीत आले, तिथे तुम्ही हे काय करता?" कोल्टच्या पेटंटला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती, असे काहीतरी सांगून मी वेळ मारून नेली होती. खरे उत्तर त्या दिवशी मिळाले. बाबांची बंदूक लांबून खरी दिसायला हवी होती, चालली नाही तरी चालत होते. माझे उलट आहे. माझी चालली पाहिजे, पण खरी दिसता कामा नये. चरखा काय, रिव्हॉल्व्हर काय, दोन्हींत एक फिरणारे यंत्र आहे आणि मला ते यंत्र आवडते.

तेव्हापासून माझे नियम ठरलेले आहेत. रंग नाही, फक्त जवसाचे तेल. नळीचे तोंड केशरी. एका बाजूची फळी काढलेली, म्हणजे आतले सगळे उघडे दिसेल. शेडबाहेर न्यायचे नाही, आणि माणसावर रोखायचे नाही, गंमत म्हणूनही नाही. नकली शस्त्राचे परवान्याशिवाय खऱ्यात रूपांतर करणे हा 1959 च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. पालकांनी हेही मुलांना सांगून ठेवावे.

बालमित्रांनो, रविवारी चार वाजता शेड उघडी असते. रिव्हॉल्व्हरच करायला हवा असे नाही. यंदा तान्ह्या पोळ्याला दुकानातला नंदी न आणता स्वतः करू. करवत मी धरीन. आणि मी "जरा पकडून धर" म्हणालो तर पाच मिनिटे थांबा, एवढीच फी.

बाहेर टेबलावर माझा सातवा रिव्हॉल्व्हर ठेवला आहे, शेजारी बाबांचा घोडाही आहे. शेडबाहेर न्यायचे नाही हा नियम आजच्या दिवसापुरता कार्यकारिणीच्या परवानगीने मोडला आहे. हातात घेऊन बघा. फक्त हळू ओढा. कमान बांबूची आहे.