पथ्य अख्ख्या घराचं

मायबाप हो, आपण बसलोय वैद्यनाथाच्या दारात. वैद्यांचा नाथ तो, म्हणून वैद्याचीच गोष्ट काढतो. वैद्य पुडी देतो अन् वर सांगतो, तिखट-तेलकट बंद. आता आजारी माणूस एकटा मऊ भात खातोय अन् बाकीच्यांच्या ताटात भजी! किती दिवस टिकेल ते पथ्य? तिसऱ्या रात्री तो उठून चोरून खाणार.

पोरांच्या मोबाइलचं तेच झालंय. परवा एक गृहस्थ पाया पडायला आले. "महाराज, पोरगं दहावीला आहे, मोबाइल सोडत नाही, तुम्ही सांगा." मी तोंड उघडतो न उघडतो, तोच यांचा खिसा वाजला. माझ्यापुढंच दहा मिनिटं बोलत उभे!

हसू नका, मीही त्यातलाच. नातवाला एकदा रागावलो, "ठेव तो मोबाइल!" तर म्हणतो, "आजोबा, तुम्ही पण जेवताना बघताच की." म्हटलं, "अरे, मी कीर्तन बघतो." "पण बघता मोबाइलातच ना?" चाळीस वर्षं लोकांच्या शंका फेडल्या, ह्या एका शंकेला उत्तर सापडलं नाही.

अन् फोन लेकरांच्या हातात दिला कोणी? २०२० च्या मार्चात शाळा बंद झाल्या, अभ्यास मोबाइलवर आला. कोणी उसने पैसे काढले, कोणी शेळी विकली अन् फोन आणला. पुढं शाळा उघडल्या, फोन काही परत घेतला नाही. आता सगळा दोष पोरावर कसा घालायचा?

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. तीनेक हजार वस्ती. २०२२ साली स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर त्यांनी ग्रामसभेत ठरवलं. रोज संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजणार, टीव्ही अन् मोबाइल बंद. ८.३० ला पुन्हा वाजणार, मग चालू. आधी बापेमाणसं हसली. पण अंगणवाडीताई, आशाताई, निवृत्त मास्तर घरोघर फिरले. मला त्यातलं आवडलं ते हे, की भोंगा पोरांपुरता वाजत नाही. आईची मालिका बंद, बापाचा व्हॉट्सॲप बंद. अख्ख्या घराला पथ्य! त्याच वर्षी यवतमाळकडं, पुसद तालुक्यातल्या बान्सी गावानं १८ वर्षांच्या आतल्यांना मोबाइलच बंद केला. त्यांच्या तळमळीला नमस्कार. पण मला विचाराल तर दीड तासाचं पथ्य पाळता येतं, जन्माचा उपास मोडतो.

आता आपल्या बीड जिल्ह्याचं दुखणं निराळं. दिवाळी झाली की कोयत्यावाल्यांच्या टोळ्या निघतात. मायबाप उसाच्या फडात, लेकरू गावी आजीपाशी. तिथं मोबाइल म्हणजे आईचा आवाज आहे हो! तो काढून घ्या म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण दिवसभर मोबाइल पोराकडं, अन् आजीला तर तो बंद कसा करायचा तेही ठाऊक नाही. त्या घरात बंदी घालणार कोण?

तर फडावर जाणाऱ्या बाबांनो, बायांनो, निघायच्या आधी लेकराला जवळ बसवा अन् ठरवा. मोबाइल आजीच्या उशाशी राहील. अभ्यासाला लागला तर आजीसमोर बसून. गाडी भरायची वेळ रात्री कधी येईल त्याचा नेम नसतो, म्हणून तुमच्या सवडीचा वख्त तुम्हीच सांगा अन् तो चुकवू नका. फोन लागला की "मोबाइल बघतोस का?" असं पहिलं विचारू नका. जेवला का, शाळेत काय झालं, गाय व्याली का, हे विचारा.

आमच्या घरी आता हरिपाठाच्या वेळेला सगळे मोबाइल देवघराच्या कोनाड्यात जातात. पहिल्या दिवशी माझाच वाजला. कीर्तनाची तारीख मागणारा असणार, हात गेलाच माझा! नातू काही बोलला नाही, टाळ वाजवता वाजवता नुसता माझ्याकडं बघत राहिला. मी हात मागं घेतला. तारीख गेली ती गेलीच. बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!