बाहेर वळलेली पापणी : कारणे व लक्षणे
(एका भाषणाचा मजकूर)

चावडीवर बसलेल्या एखाद्या वृद्धाच्या डोळ्यांतून सतत पाणी गळत असते. धोतराच्या सोग्याने तो ते वारंवार पुसतो. "वय झाले," असे म्हणून घरची माणसे तिकडे दुर्लक्ष करतात. परंतु जवळून पाहिल्यास खालची पापणी डोळ्यापासून सुटून बाहेर वळलेली व तिचे लाल अस्तर उघडे पडलेले दिसते. वैद्यकात या विकारास 'एक्ट्रोपिअन' म्हणतात.

पापणीच्या आतल्या कोपऱ्याशी एक सूक्ष्म छिद्र असते. त्यातून अश्रू नाकात उतरतात. पापणी वळली की हे छिद्र डोळ्यापासून दूर जाते आणि अश्रू गालावर ओघळतात. त्याच वेळी डोळ्याचा उघडा भाग मात्र कोरडा पडतो. म्हणूनच पाणी गळणे आणि वाळू गेल्यासारखे खुपणे ही परस्परविरोधी वाटणारी लक्षणे एकत्र आढळतात. लाली, आग, सकाळी चिपडे येणे व उजेड सहन न होणे हीही लक्षणे होत.

वार्धक्यात पापणीचे स्नायू व बंध सैल होणे, हे याचे सर्वांत मोठे कारण आहे. निरोगी पापणी हलकेच खाली ओढून सोडली तर चटकन जागेवर बसते. सैल पापणी सावकाश परतते. भाजल्याचे वा जखमेचे व्रण आकसून पापणी खाली ओढतात. पापणीवरील गाठीच्या भारानेही ती वळते. क्वचित हा दोष जन्मजात असतो. चेहऱ्याची नस लुळी पडल्यास डोळा मिटतच नाही.

कुष्ठरोगात ही नस बाधित होऊ शकते. त्यातच बुबुळाची संवेदना गेली असेल, तर कचरा गेला किंवा जखम झाली तरी रुग्णास वेदना जाणवत नाही. जखम चिघळते, फूल पडते आणि दृष्टी जाते. हा लुळेपणा सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत उपचार झाल्यास स्नायूची शक्ती परतण्याची आशा अधिक असते. म्हणून तक्रारीची वाट न पाहता अशा रुग्णांचे डोळे मिटतात की नाही, हे नियमितपणे पाहिले पाहिजे.

पाणी पुसताना पापणी खाली ओढू नये. स्वच्छ कापडाने नाकाच्या दिशेने अलगद टिपावे. वैद्यकीय सल्ल्याने दिलेले थेंब व रात्रीचे मलम डोळ्यास ओलावा देतात. सैल पापणी लहानशा शस्त्रक्रियेने घट्ट करता येते. बहुधा तेवढीच जागा बधिर करून ती होते. व्रणामुळे वळलेल्या पापणीस कधी त्वचारोपण लागते.

डोळा दुखू लागला, लाली वाढली किंवा दिसणे कमी झाले, तर विलंब न करता नेत्रतज्ज्ञाकडे जावे. गावातील शिक्षक, सरपंच व आरोग्यसेवक यांनी गळणाऱ्या डोळ्याबरोबर पापणीकडेही पाहिले, तर अनेक वृद्धांची दृष्टी वेळीच वाचेल.