जुने विमान, नवे आकडे

संगणकाच्या पडद्यावर विमान उडवायचे, त्यातही 1940 सालचे स्पिटफायर, आणि त्या खोट्या विमानात दुरुस्त्या करीत बसायचे, हा उद्योग आपल्यापैकी कित्येकांना पोरखेळ वाटेल. पण या खेळात इतिहासाशी इमान राखण्याचा एक खरा प्रश्न दडलेला आहे. त्याविषयीच आज बोलावयाचे आहे.

फ्लाइट सिम्युलेटरमधील विमानाला दोन अंगे असतात. एक रूप आणि दुसरे स्वभाव. रूप चित्रकार करतो. स्वभाव आकड्यांनी ठरतो. फ्लाइटगिअर या सर्वांना खुल्या असलेल्या सिम्युलेटरात हे आकडे साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेले असतात. वजन, गुरुत्वमध्य, इंजिनाची शक्ती, हवेचा रोध, पंखांचे क्षेत्रफळ (स्पिटफायरचे 242 चौरस फूट), सारे तेथे असते. कोणीही ती फाइल उघडावी आणि आकडा बदलावा. मोह उत्पन्न होतो तो येथेच.

एक उदाहरण घेऊ. स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनात एक खोड होती. वैमानिकाने विमानाचे नाक एकदम खाली दाबले, की कार्बोरेटरमधले पेट्रोल वर उसळे आणि इंजिन आचके देई. जर्मन मेसरश्मिट 109 च्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाई. त्यामुळे ते सरळ सूर मारून निसटे. इंग्रज वैमानिकाला आधी विमान उलथे करून मग पाठलाग करावा लागे. 1941 साली फार्नबरो येथील बिअट्रिस शिलिंग या अभियंता बाईंनी पेट्रोलच्या वाटेत बसविण्यासाठी भोक असलेली एक लहानशी चकती तयार केली. पूर्ण इलाज पुढे नव्या तऱ्हेच्या कार्बोरेटरने झाला. पण निभावले ते या चकतीने.

आता सांगा, 1940 सालच्या प्रतिकृतीत ही खोड घालावी की नाही? घातली तर विमान वाईट होते. गाळली तर वैमानिक उलथा का होई हेच कळत नाही.

दुसरे उदाहरण याहून मार्मिक आहे. 1939 च्या चाचणीत लाकडी, दोन पात्यांच्या पंख्याचे स्पिटफायर ताशी 362 मैलांपर्यंत गेले. 1940 च्या चाचणीत तीन पात्यांचा सुधारलेला पंखा असूनही वेग 354 भरला! कारण मधल्या काळात गोळीरोधक काच आणि टाकीवर चिलखत चढले होते. मात्र उंची गाठण्यात नवे विमान सरस ठरले. "नंतरचे ते अधिक वेगवान" असे गृहीत धरून आकडा वाढविणारा येथे हटकून फसतो.

म्हणून रीत अशी असावी: प्रथम साल ठरवावे, त्या सालची चाचणी समोर ठेवावी, एका वेळी एकच आकडा बदलावा, आणि प्रत्येक बदलानंतर वेग व चढ पुन्हा मोजावा. 1940 मध्ये 100 ऑक्टेन पेट्रोल आल्यावर इंजिनातील दाब सव्वासहा पौंडांवरून बारापर्यंत नेता येऊ लागला. तो बारा पौंड 1938 च्या विमानात भरणे म्हणजे पंचांगच खोटे लिहिणे होय.

यंत्राचे दोष झाकल्याने त्याचा गौरव होत नाही. त्या दोषांसह ते उडविणाऱ्यांचे कौशल्य मात्र आपण पुसून टाकतो.