इतिवृत्ताची वही

शेजारधर्म हा शब्द आपल्या भाषेत जुना आहे. परंतु एकाच जिन्याचे, एकाच गच्चीचे आणि एकाच पाण्याच्या टाकीचे सहमालक होऊन राहणाऱ्या शेजाऱ्यांचा धर्म कोणता, हा प्रश्न त्या मानाने अलीकडचा होय. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली आणि १९१५ साली तिची नोंदणी झाली. आपल्या देशातील आद्य गृहनिर्माण संस्थांमध्ये तिची गणना होते. अशा संस्थांमुळे राहणारा आणि मालक हे दोघे एकाच देहात नांदू लागले. घर आपले झाले; मात्र घरमालकाच्या नावाने बोटे मोडण्याचे सुख त्याबरोबरच गेले.

मालक पुष्कळ झाले, की कारभार चालतो तो सभेने आणि टिकतो तो दप्तराने. महाराष्ट्रात यासाठी १९६० चा सहकारी संस्था अधिनियम आहे आणि त्याला अनुसरून केलेले उपविधी आहेत. आदर्श उपविधींप्रमाणे व्यवस्थापक समितीने महिन्यातून निदान एकदा भरले पाहिजे व तिच्या सभासदांना पूर्ण तीन दिवसांची सूचना मिळाली पाहिजे. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची सूचना पूर्ण चौदा दिवस आधी द्यावी लागते. हे दिवस कशासाठी? सभासदाने विषय वाचावा, हिशेब ताडून पाहावा, चार प्रश्न मनाशी जुळवावेत, यासाठी. सूचनेवाचून घेतलेली सभा म्हणजे आमंत्रणावाचून उरकलेले लग्न. त्याचा आनंद फक्त उरकणाऱ्यांना.

कार्यक्रमपत्रिकेच्या शेवटी एक परिचित ओळ असते : ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.’ ही ओळ निरुपद्रवी दिसते. पण लोक चपला शोधू लागलेले असताना याच दारातून मोठमोठे खर्च आत शिरतात. ज्या विषयाने सभासदांच्या खिशाला हात लागणार, तो ऐनवेळचा असूच नये. गणपूर्तीचेही तसेच. गणपूर्ती नसली, की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला ते बंधन उरत नाही. म्हणून मूठभर लोक ठराव करतात, घरी बसलेले बाकीचे वर्षभर कुरकुरतात, आणि दोघांनाही आपलेच खरे वाटते.

आता मुख्य गोष्ट, इतिवृत्ताची. ‘गच्चीच्या दुरुस्तीविषयी चर्चा होऊन योग्य तो निर्णय घेण्यात आला,’ असे वाक्य मी अनेक वह्यांत वाचले आहे. कोणता निर्णय? किती रुपयांचा? कोणाच्या सूचनेवरून? दहा वर्षांनी गच्ची पुन्हा गळू लागली, की त्या वाक्यातून एक थेंबही अर्थ निघत नाही. इतिवृत्तात भाषणे नकोत. ठराव शब्दशः हवा, सूचक व अनुमोदक यांची नावे हवीत, मतांची संख्या हवी. कोणी विरोध केला असेल, तर तोही नोंदलेला हवा. कारण उद्या निर्णयाचा जाब विचारला गेला, तर त्या सभासदाला आधार तेवढाच. पुढच्या सभेत इतिवृत्त वाचून कायम करावे आणि त्यावर अध्यक्षांची सही घ्यावी. चूक सापडल्यास ती खोडून नाहीशी करू नये. ती दिसेल अशी ठेवून शेजारी दुरुस्ती लिहावी व सही करावी.

हे मी उपदेशाच्या अधिकाराने सांगत नाही, अपराधाच्या अनुभवाने सांगतो. काही वर्षे मी एका संस्थेचा चिटणीस होतो. खालच्या मजल्यावरील एका वृद्ध गृहस्थांनी जिन्यातच माझ्या हाती नामनिर्देशनाचा अर्ज दिला. पूर्वी, लग्नाआधी, त्यांनी धाकट्या भावाचे नाव दिले होते. आता पत्नीचे द्यायचे होते. मी अर्ज खिशात घातला. पुढच्या सभेत तो ठेवून इतिवृत्तात नोंदवायचा, हा नियम मला पाठ होता. परंतु ते इतिवृत्त मी पंधरा दिवसांनी आठवणीने लिहिले आणि नेमके तेच राहिले.

गृहस्थ वारले. त्यांची पत्नी भाग हस्तांतरासाठी आली, तेव्हा नोंदवहीत दिराचे नाव होते. नामनिर्देशनाने मालकी ठरत नाही, ती वारसाहक्काने ठरते, हे खरे. पण संस्था आधी पाहते ती आपली वहीच. चार महिने त्या बाई कागद घेऊन जिने चढत-उतरत होत्या. शेवटी तो अर्ज पाणीपट्टीच्या बिलांत सापडला. दीर सज्जन होते. त्यांनी आपण होऊन संमती लिहून दिली. ते तसे नसते तर? बाई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “भाऊ, इतकी वर्षे या घरात राहिले, तुमच्या वहीत मी नव्हतेच का?” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

श्रोतेहो, दप्तर हे चिटणिसाचे नसते, संस्थेचे असते. सभासदांची नोंदवही, सभांची इतिवृत्ते, तपासलेला ताळेबंद हे पाहण्याचा हक्क कायद्याने सभासदाला दिला आहे. तो मागणाऱ्याकडे संशयाने पाहू नये. समिती बदलली, की जुन्या चिटणिसाने दप्तराची यादी करून, एकेक वही मोजून नव्याच्या हाती द्यावी आणि पोच घ्यावी. आज वहीच्या जागी संगणक आला असला, तरी ही रीत बदललेली नाही. संगणकालाही कोणी न सांगितलेले आठवत नाही.

माणसे चांगली असली म्हणजे नियम कशाला, असे पुष्कळदा विचारले जाते. चांगल्या माणसांनाही विसर पडतो, म्हणून. सभा संपल्यावर घरी जाण्यापूर्वी अर्धा तास बसून लिहिणे, एवढाच हा शेजारधर्म आहे.