वृक्षसेवेची उमेदवारी

प्रभादेवीच्या सिद्धिविनायकापुढें जे नारळ ठेवले जात आले आहेत, त्यांतील प्रत्येक नारळ केव्हां तरी कोणी तरी माडावर चढून उतरविलेला असतो. भक्ताच्या हातीं नारळ येतो, तेव्हां तो चढणारा दृष्टीआड झालेला असतो. आणि तो चढावयास कोठें व कोणाकडून शिकला, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. माहीम व त्याच्या दक्षिणेकडील किनारा एके काळीं माडांच्या आणि ताडांच्या वाड्यांनीं भरलेला होता. तेथील भंडारी कुटुंबांत झाडावर चढण्याची विद्या बापाकडून मुलाकडे जात असे. आधीं पाहणें, मग हाताखालीं काम करणें, आणि हात व पाय दोन्ही विश्वासास पात्र ठरल्यावर स्वतः चढणें, असा तिचा क्रम होता. तिला प्रमाणपत्र नव्हतें. परंतु ती उमेदवारी होती, आणि चुकीला क्षमा नसल्यामुळें फार कडक उमेदवारी होती.

वाड्या गेल्या, त्यांच्या जागीं गिरण्या आल्या. गिरण्याही गेल्या आणि उंच इमारती आल्या. झाडें मात्र सर्वस्वीं गेलीं नाहींत. 2018 च्या वृक्षगणनेंत मुंबईंत सुमारें 29 लक्ष 75 हजार झाडें मोजलीं गेलीं. म्हणजे झाडें उरलीं, पण झाडाची विद्या घरोघर शिकविणारी परंपरा विरळ झाली. ह्या दोन गोष्टींमधील अंतर किती धोक्याचें आहे, हें प्रत्येक पावसाळ्यांत दिसून येतें. 5 ऑगस्ट 2020 रोजीं कुलाब्यास वाऱ्याचा वेग ताशीं शंभर किलोमीटरांच्या वर गेला. 17 मे 2021 रोजीं तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून पुढें गेलें. दोन्ही वेळीं शहरांत ठिकठिकाणीं मोठमोठे वृक्ष उन्मळून पडले.

झाड पडलें कीं लोक वाऱ्यास दोष देतात. परंतु वाऱ्यानें पाडलेल्या झाडाचें मरण पुष्कळदां कित्येक वर्षें आधींच सुरू झालेलें असतें. झाडाचीं अन्न घेणारीं मुळें फार खोल नसतात. तीं वरच्या मातींत पसरलेलीं असतात आणि त्यांना हवा व पाणी दोन्ही लागतात. बुंध्याला खेटून काँक्रीट ओतलें, कीं तीं गुदमरतात. नळासाठीं किंवा तारेसाठीं चर खणतांना जाड मुळें तोडलीं, कीं झाडाचा एका बाजूचा आधारच जातो. ह्याच कारणास्तव राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें 2013 सालीं दिल्लीच्या बाबतींत, झाडाभोंवतींची एक मीटर जागा काँक्रीटपासून मोकळी ठेवावी, असा आदेश दिला होता. मुळें अशीं दुबळीं झालेलीं असतां वरून विजेच्या तारेसाठीं एकाच अंगाच्या फांद्या तोडल्या, म्हणजे सर्व भार दुसऱ्या अंगास जातो. मग एका रात्रीच्या पावसानें माती भिजावी आणि वाऱ्याचा एक झोत यावा, एवढेंच निमित्त उरतें.

येथें जाणत्या माणसाची गरज स्पष्ट होते. बुंध्यावर आळिंबे उगवलेलें पाहून जो आंतील कुज ओळखतो, लांकडी हातोडी ठोकून आवाजावरून जो पोकळी ताडतो, मातीला पडलेली भेग पाहून जो झाड कलूं लागल्याचें जाणतो, तोच झाड वांचवूं शकतो आणि झाडाखालचीं माणसेंही वांचवूं शकतो. त्याला हेंही ठाऊक असावें लागतें कीं, मादागास्करहून आलेला गुलमोहर, अमेरिका खंडांतून आलेला पर्जन्यवृक्ष आणि येथलाच वड, हे तिघे एका नियमानें वागत नाहींत. माडाची गोष्ट तर ह्या तिघांहूनही निराळी. त्याला फांद्या नसतात. त्याचा शेंड्याचा एकच कोंब मेला, तर सारें झाड मरतें.

फांदी तोडणें हें काम वरवर अगदीं सोपें वाटतें. परंतु तेथेंच अडाणी हाताकडून सर्वांत मोठी हानि होते. जड फांदी वरून एकाच घावांत कापली, तर ती तुटतांना खोडाची साल खालपर्यंत सोलून नेते. म्हणून शिकलेला कामगार तीन काप घेतो. पहिला काप खोडापासून थोड्या अंतरावर खालच्या बाजूनें. दुसरा त्याच्या जरा पलीकडे वरून, म्हणजे फांदी साल न सोलतां गळून पडते. आणि तिसरा उरलेल्या खुंटाचा. हा तिसरा काप खोडाशीं सपाट घ्यावयाचा नसतो. फांदी जेथें खोडास मिळते तेथें एक फुगीर वलय असतें, तें जपून त्याच्या बाहेर तो घ्यावयाचा असतो. अमेरिकेच्या वनखात्यांतील संशोधक ॲलेक्स शायगो यांनीं गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत असंख्य झाडें चिरून असें दाखवून दिलें कीं, प्राण्याची जखम जशी नव्या मांसानें भरून येते, तशी झाडाची जखम भरत नाहीं. झाड जखमेच्या आंतील भागाभोंवतीं जणू भिंती उभारतें आणि कुज तेथेंच कोंडून टाकतें. तें वलय कापलें, तर भिंत बांधणारा गवंडीच मारल्यासारखें होतें. शेंडा सपाट छाटून झाड बोडकें केलें, तरी तोच परिणाम होतो. नव्या फुटलेल्या फांद्या वरवर चिकटलेल्या असतात आणि पुढील वादळांत त्याच आधीं मोडतात.

आतां ज्याच्या हातीं हें काम असतें त्या माणसाकडे पाहावें. पावसाळ्यापूर्वीं शहरभर छाटणी चालते, तेव्हां पुष्कळ ठिकाणीं ठेकेदाराचा मजूर एक साधा दोर आणि कोयता घेऊन तीन-चार मजले उंच चढलेला दिसतो. त्याच्या कमरेस पट्टा नसतो, डोक्यास शिरस्त्राण नसतें, आणि शेजारून जाणाऱ्या तारेंतील वीज बंद केली आहे कीं नाहीं, हें त्यास कोणी सांगितलेलेंही नसतें. तो भित्रा नसतो, आळशी नसतो. तो केवळ न शिकविलेला असतो. त्याचा जीव आणि झाडाचा जीव हे दोन्ही एकाच अज्ञानास टांगलेले असतात.

वनविद्येचें शिक्षण ह्या देशास नवीन नाहीं. डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक म्हणून 1847 सालीं नेमणूक झाली. 1864 सालीं डीट्रिख ब्रँडिस हे हिंदुस्थानचे पहिले वन-महानिरीक्षक झाले, आणि 1878 सालीं डेहराडूनची वनशाळा निघाली. आज महाराष्ट्रांत शहापूर, पाल व चिखलदरा येथें वनरक्षकांना शिकविणाऱ्या संस्था आहेत; चंद्रपूर व कुंडल येथें वनखात्याच्या प्रबोधिनी आहेत; दापोली व अकोला येथील कृषि विद्यापीठांत वनशास्त्राची पदवी मिळते. वनरक्षकाच्या निवडींत पुरुषांस चार तासांत 25 किलोमीटर आणि स्त्रियांस तेवढ्याच वेळांत 16 किलोमीटर चालून दाखवावें लागत आलें आहे. वनसेवा ही खुर्चींत बसून करावयाची सेवा नव्हे, हें ह्या एकाच कसोटीवरून ध्यानांत यावें. ज्या सुशिक्षित घरांतील मुलामुलींस झाडांची आवड आहे, त्यांस हा मार्ग मोकळा आहे आणि तो मानाचा आहे.

परंतु अरण्यांतील झाड आणि रस्त्यावरील झाड ह्यांत फरक आहे. अरण्यांत वठलेला वृक्ष पडला, तर तो जमिनीस खत होतो; प्रभादेवीच्या रस्त्यांत पडला, तर तो कोणाच्या तरी डोक्यावर पडतो. अरण्यांत शेंकडों झाडांच्या समूहाचा विचार करावयाचा. शहरांत एकेका झाडाची प्रकृति पाहावयाची. म्हणून शहरांतील वृक्षसेवेस निराळ्या उमेदवारीची जरूर आहे. जर्मनींत वनकामगार होण्यासाठीं तीन वर्षांची उमेदवारी करावी लागते. त्या काळांत तरुण कांहीं दिवस शाळेंत व बाकीचे दिवस प्रत्यक्ष रानांत काम शिकतो, आणि शिकत असतांनाच त्यास वेतन मिळतें. आपल्या देशांत नारळ विकास मंडळानें 2011 सालीं माडावर यंत्राच्या साह्यानें चढण्याचें सहा दिवसांचें शिक्षण सुरू केलें, आणि त्याचा लाभ स्त्रियांनींही घेतला. ज्या कामास जन्म आणि जात यांची वेस होती, तें काम शिकवून कोणासही येतें, हें त्यानें सिद्ध झालें. मात्र सहा दिवसांत चढावयास येतें. झाड वाचावयास येत नाहीं.

त्यासाठीं कायद्यानें दार उघडून ठेविलेलें आहे. 1961 च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यानें उमेदवारीस करार, विद्यावेतन व मुदत हीं तीन अंगें दिलीं. 2014 सालीं झालेल्या दुरुस्तीनें, सरकारनें ठरविलेल्या व्यवसायांखेरीज एखाद्या मालकास आपल्या गरजेप्रमाणें ऐच्छिक व्यवसायाचा अभ्यासक्रम आंखण्याची मुभा मिळाली. आणि 2016 सालीं केंद्र सरकारनें विद्यावेतनाचा कांहीं भाग स्वतः सोसण्याची योजना काढली. तेव्हां बागांचीं व झाडांचीं कामें करणाऱ्या मोठ्या संस्थांनीं मनावर घेतलें, तर वृक्षसेवा हा उमेदवारीचा व्यवसाय होण्यास मोठी अडचण दिसत नाहीं.

अशी उमेदवारी ऋतूंस धरून एक वर्षाची असावी. पावसाळ्यांत उमेदवारानें पडलेलीं झाडें पाहावींत आणि तीं कां पडलीं याची नोंद ठेवावी. झाडाचे शवविच्छेदन हाच त्याचा पहिला धडा. हिवाळ्यांत त्यानें जमिनीवर राहून जाती ओळखाव्या, गांठी माराव्या, करवतीस धार लावावी आणि वर चढलेल्या कारागिराचा दोर सांभाळावा. चढावयाचें तें त्यानंतर, वयाचीं 18 वर्षें पुरीं झालेल्यानेंच, आणि कधींही एकट्यानें नव्हे. उन्हाळ्यांत, छाटणीच्या खऱ्या हंगामांत, त्यानें अनुभवी माणसाच्या नजरेखालीं स्वतः काप घ्यावे. वर्षाच्या शेवटीं त्याची परीक्षा एकाच प्रश्नानें घ्यावी: ह्या झाडाची कोणती फांदी तूं कापणार नाहींस, आणि कां?

ह्या योजनेच्या आड दोन गोष्टी येतात. पहिली म्हणजे प्रतिष्ठेची कल्पना. लिहित्या-वाचत्या घरांत वनाधिकारी होणें हें भूषण मानलें जातें, पण दोर घेऊन झाडावर चढणें हें मजुराचें काम समजलें जातें. शस्त्रवैद्याच्या हातीं चाकू असतो म्हणून त्यास कोणी कसाई म्हणत नाहीं. कारण त्या चाकूमागें शिक्षण असतें. करवतीमागें शिक्षण उभें केलें, कीं करवतीचीही प्रतिष्ठा वाढेल. दुसरी अडचण पैशाची, आणि ती अधिक खरी आहे. इमारतीच्या आवारांतील झाड छाटावयाचें असतें तेव्हां बहुधा सर्वांत कमी दर सांगणाऱ्यास काम दिलें जातें. जोंवर शिकलेल्या व न शिकलेल्या हातास एकच दर मिळतो, तोंवर एक वर्ष उमेदवारी करावयास कोणी कां यावें? शाळा काढून हा प्रश्न सुटणार नाहीं. तो काम देणाऱ्यांनींच सोडवावयाचा आहे.

काम देणारा म्हणजे दुसरा तिसरा कोणी नसून ज्याच्या आवारांत झाड आहे तो गृहस्थ. 1975 च्या वृक्षसंरक्षणाच्या कायद्याप्रमाणें खासगी आवारांतील झाडासही परवानगीवांचून हात लावतां येत नाहीं. ती तर घ्यावीच. पण त्याबरोबर काम करणाऱ्यास चार प्रश्न विचारावे. चढणाऱ्याचा पट्टा व दोर कोठें आहेत? खालीं दुसरा माणूस कोण उभा राहणार? अपघाताचा विमा उतरविला आहे काय? आणि कोणत्या फांद्या, कोठें व कोणत्या कारणासाठीं कापणार? ज्यास ह्यांचीं उत्तरें देतां येत नाहींत, त्याचा दर कितीही कमी असला तरी तो महागच पडावयाचा.

ह्याच शहरानें 1887 सालीं, गिरण्यांस शिकलेले हात लागतात हें ओळखून, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट उभी केली; 1923 सालीं ती माटुंग्यास गेली आणि आजही तेथें नांदत आहे. यंत्र अडाणी हातीं देऊं नये, एवढें शहाणपण तेव्हां होतें. यंत्र मोडलें तर दुसरें आणतां येतें. पन्नास वर्षांचा वृक्ष मोडला तर दुसरा आणावयास पन्नासच वर्षें लागतात, आणि झाडावरून पडलेला माणूस तर पुन्हा येतच नाहीं. तेव्हां यंत्रासाठीं दाखविलेलें शहाणपण वृक्षासाठीं व वृक्षावर चढणाऱ्यासाठीं दाखविण्यास आतां विलंब करण्याचें कारण नाहीं.