दिवसाला तीस डॉलर आणि मेलबर्न शहर

(आपल्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला भाषणाची सवय नाही. तेहतीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसलो, तिथे बोलणं कमी आणि मोजणं जास्त. पण कट्ट्यावर गेले वर्षभर मला एकच प्रश्न विचारला जातोय, "ऑस्ट्रेलियाला जाऊन आलात, किती खर्च आला हो?" प्रत्येकाला लिफ्टमध्ये वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सगळ्यांसमोर सांगावं म्हणून उभा राहिलो. त्यात एक गोष्ट अशी आहे, जी मी त्यावेळी तुमच्यापासून लपवली होती. मुलाला विचारलं, "सांगू का?" तो म्हणाला, "बाबा, बिनधास्त सांगा."

फेब्रुवारी २०२४ मध्ये आम्ही दोघं मेलबर्नला गेलो. मुलगा आणि सून टार्नीट नावाच्या उपनगरात राहतात. आपली माणसं तिथे इतकी की संध्याकाळी फिरायला निघालं की तेलुगू, पंजाबी, मराठी सगळं कानावर पडतं. मुलाने आमच्यासाठी मोठा बेत आखला होता. समुद्राकाठचा तो प्रसिद्ध ग्रेट ओशन रोड, फिलिप आयलंडचे पेंग्विन, मग विमानाने सिडनी. फ्रिजवर कागदच लावून ठेवला होता.

पोहोचल्यानंतर चौथ्या दिवशी रात्री जेवणं झाल्यावर तो म्हणाला, "बाबा, आई, एक सांगायचंय." त्याची नोकरी गेली होती. आम्ही निघायच्या आठच दिवस आधी. तिकिटं काढलेली होती, म्हणून तो बोलला नव्हता. सूनबाईच्या पगारात घराचा हप्ता आणि किराणा कसाबसा निघत होता.

हिने त्याला जवळ घेतलं. मी उठलो, फ्रिजवरचा कागद काढला, घडी घालून खिशात ठेवला. परत जायचं म्हटलं तर तिकीट बदलायला पुन्हा पैसे. आणि अशा वेळी मुलाला सोडून जायचं तरी कसं? त्याच्यावर एका डॉलरचाही भार न टाकता अकरा आठवडे राहायचं, असं आम्ही ठरवलं. आणि नुसतं घरात बसून तोंड पाडून राहायचं नाही, हे हिने ठरवलं. ती म्हणाली, "आपण दोघं दिवसभर त्याच्यासमोर सोफ्यावर बसलो, तर त्याला जास्त त्रास होईल."

आता हिशेब. माझ्या कार्डावर पंधराशे डॉलर होते. सहाशे औषधपाणी आणि अडीअडचणीला बाजूला ठेवले. राहिले नऊशे. आठवड्यातून तीन दिवस बाहेर पडायचं, दिवसाला दोघांत मिळून तीस डॉलर, म्हणजे आठवड्याला नव्वद. दहा आठवडे पुरतात. डॉलर तेव्हा साधारण पंचावन्न रुपये होता. पहिले काही दिवस मी प्रत्येक गोष्टीला पंचावन्नने गुणायचो आणि कॉफीचा वाससुद्धा महाग वाटायचा. हिने मला गुणाकार बंद करायला लावला. म्हणाली, "तीस आहेत ना? मग तिसातून वजाबाकी करा."

तिथे लोकल, ट्राम, बस सगळ्याला एकच कार्ड चालतं, त्याला मायकी म्हणतात. त्या वर्षी दोन तासांचं भाडं ५.३० डॉलर होतं आणि दिवसभरात कितीही फिरलात तरी १०.६० च्या वर कापत नव्हते. आपल्या ज्येष्ठ नागरिक कार्डाला तिथे कोणी विचारत नाही, त्यामुळे पूर्ण भाडं. दोघांचे २१.२० गेले की हातात उरायचे ८.८०. त्यात आमचा दिवस.

शहराच्या मध्यभागात ट्राम सगळ्यांना फुकट आहे, २०१५ पासून. तिथे कार्ड लावायचंच नाही. पण ज्याचा मुलगा लांबच्या उपनगरात राहतो, त्याचा खरा फायदा त्या दिवसाच्या मर्यादेत आहे, आणि हे मला उशिरा कळलं. ते कसं कळलं ते पुढे सांगतो, कारण त्यात माझी चूक आहे.

मुलालाही घरात बसून अर्ज करवत नव्हते. त्यामुळे त्या तीन दिवशी आम्ही तिघं बरोबर निघायचो. तो जायचा स्टेट लायब्ररीत. आम्हीही पहिल्या दिवशी त्याच्याबरोबर आत गेलो, आणि मी दारातच थांबलो. मला वाटलं, कोणीतरी पास विचारेल. कोणी विचारलं नाही. आत गेलं की एक प्रचंड अष्टकोनी वाचनालय आहे, वर घुमट, चारी बाजूंनी मजल्यावर मजले पुस्तकांचे. १९१३ साली ते उघडलं. खाली जुनी लाकडी टेबलं, हिरव्या दिव्यांची. विद्यार्थी, म्हातारे, आणि माझ्या मुलासारखे लॅपटॉप उघडून बसलेले कितीतरी. त्यातले किती जण नोकरी शोधत होते देव जाणे.

ही लायब्ररी १८५६ साली लोकांसाठी उघडली. ती उभी करण्यात पुढाकार होता रेडमंड बॅरी या न्यायाधीशांचा. त्यांचा नियम असा, चौदा वर्षांच्या वरचा कोणीही आत येऊ शकतो, फक्त हात स्वच्छ पाहिजेत. आणखी एक गंमत. नेड केली नावाचा तिकडचा गाजलेला दरोडेखोर, ज्याने नांगराच्या लोखंडाचं चिलखत करून पोलिसांशी सामना केला, त्याला १८८० साली फाशीची शिक्षा याच बॅरींनी सुनावली. आणि त्याचं चिलखत आज बॅरींच्याच लायब्ररीत काचेच्या पेटीत ठेवलेलं आहे. फुकट बघायला मिळतं.

दुपारी एक वाजता मुलगा खाली यायचा आणि लायब्ररीसमोरच्या हिरवळीवर आम्ही तिघं डबा उघडायचो. पोळीभाजी, कधी दहीभात. पाणी नळाचं, तिथे ते सगळीकडे पिता येतं. लोक आपापले डबे घेऊन बसलेलेच असतात, कोणाला कमीपणा वाटत नाही. तो शाळेत जात होता तेव्हा मी बँकेत, तो कॉलेजात गेला तेव्हाही मी बँकेत. मुलाबरोबर रोज दुपारी डबा खाल्लाय असं माझ्या आयुष्यात त्याआधी कधी झालं नव्हतं.

मग तो वर जायचा आणि आम्ही भटकायला. नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरिया, नदी ओलांडली की लगेच. खास प्रदर्शनांना तिकीट असतं, पण कायमचा संग्रह बघायला काही नाही. दारातच काचेवरून पाण्याचा पडदा वाहतो, हात लावून बघता येतं. आतल्या मोठ्या दालनाचं छत रंगीत काचांचं आहे आणि ते बघायला लोक चक्क गालिच्यावर आडवे होतात. ही म्हणाली, "मी नाही बाई." पाच मिनिटांनी तीही आडवी झाली. उठवायला मात्र एका चिनी मुलीने हात दिला.

बोटॅनिक गार्डन १८४६ सालचं, तिथेही तिकीट नाही. शेजारीच पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांचं स्मारक, श्राइन ऑफ रिमेम्ब्रन्स, त्याच्या सज्जातून सगळं शहर दिसतं. उंच इमारतीवरून शहर बघायचे पैसे घेतात, इथे घेत नाहीत.

आणि एमसीजी! आत जायची सहल पैसे देऊन होती, ती आम्ही केली नाही. मी बाहेरूनच पूर्ण प्रदक्षिणा घातली. ब्रॅडमनचा पुतळा, शेन वॉर्नचा पुतळा. एका बाकावर बसलो आणि १९८१ चा फेब्रुवारी आठवला. जिंकायला १४३ हव्या असलेल्या ऑस्ट्रेलियाला आपण ८३ मध्ये गुंडाळलं होतं. मांडी दुखत असताना कपिलने पाच काढले होते, चॅपेलचा त्रिफळा घावरीने उडवला होता. मी तेव्हा पहाटे रेडिओला कान लावून बसलो होतो. हिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, आत न जाता एवढं दिसलं, आत गेला असतात तर मुक्कामच केला असता."

आता ती चूक. दुसऱ्याच आठवड्यात आम्ही बाग आणि श्राइन बघून निघालो. तिथली ट्राम फुकटच्या हद्दीबाहेर. सकाळचे दोन तास संपलेले. ट्राममध्ये चढलो की दोघांचे १०.६० जाणार, असा हिशेब मी केला आणि म्हणालो, चालत जाऊ. स्टेशन तीन किलोमीटर. बागेत आधीच दीड तास चाललो होतो. घरी पोहोचेपर्यंत हिचा उजवा गुडघा भोपळ्यासारखा सुजला. डॉक्टर, औषध, पट्टा. विमा होता, तरी वरचे पैसे आपल्यालाच भरावे लागले. बाजूला ठेवलेल्या सहाशेतले शंभराच्या वर गेले. आठ दिवस ती घरात.

त्या रात्री मुलाने कार्डाचा तपशील मला फोनवर दाखवला. परतीच्या लोकलला ते १०.६० कापलेच गेले होते. म्हणजे ट्राममध्ये चढलो असतो तर तिथेच दिवसाची मर्यादा पूर्ण झाली असती आणि लोकल फुकट पडली असती. एक पैसाही जास्त गेला नसता! तेहतीस वर्षं दुसऱ्यांच्या खात्यांतल्या चुका काढणाऱ्या माणसाची ही कथा. ही फक्त एवढंच म्हणाली, "तुमचा हिशेब नेहमी बरोबर असतो, फक्त माझे गुडघे तुम्ही कुठल्या रकान्यात धरता तेवढं सांगा." मी गप्प बसलो.

त्यानंतर आम्ही मर्यादा वसूल करायला शिकलो. बाहेर पडलो की त्याच दिवशी शहर, मग ट्रामने सेंट किल्डाचा समुद्र, सूर्यास्त बघून घरी. शनिवारी-रविवारी ती मर्यादा आणखी कमी असते आणि २०२३ पासून लांबच्या गाड्यांनाही तीच लागू आहे. एका शनिवारी चौघंही तेवढ्याच भाड्यात बॅलरटला गेलो, शंभरेक किलोमीटरवर, सोन्याच्या खाणींचं जुनं गाव. तिथलं सोन्याच्या काळाचं उभं केलेलं खेडं बघायला तिकीट भारी होतं, ते सोडलं. तलावाकाठी बसलो. १९५६ च्या ऑलिंपिकच्या वल्हवण्याच्या शर्यती त्या तलावात झाल्या होत्या.

खाण्याचं म्हणाल तर क्वीन व्हिक्टोरिया मार्केट, १८७८ पासूनचा बाजार. सोमवारी आणि बुधवारी बंद. दुपारी आवरायची वेळ झाली की भाजीवाले आपल्या मंडईसारखेच ओरडून भाव उतरवतात. पीच, आलुबुखार, द्राक्षं पिशवीभर मिळायची. आणि तिथल्या बागांमध्ये विजेच्या शेगड्या बसवलेल्या असतात, बटण दाबलं की सपाट तवा तापतो. पैसे नाहीत. लोक त्यावर मांस भाजतात, म्हणून हिने वर ॲल्युमिनियमची फॉइल अंथरली आणि चौघांची थालीपिठं लावली. शेजारच्या ऑस्ट्रेलियन कुटुंबाने विचारलं हे काय, तर त्यांनाही दोन दिली. त्यांनी आम्हाला टरबूज दिलं.

इकडून फोन यायचे. सी विंगमधल्या माझ्या मित्राने विचारलं, "काय, पेंग्विन पाहिले का? चिरंजीव काय म्हणतात?" मी म्हणायचो, "मजेत! कामात फार बिझी." दोन महिने खोटं बोललो. आज त्याची सगळ्यांसमोर माफी मागतो. मुलगा चार दिवसांत आमच्याशी खरं बोलला, आणि मी पंचवीस वर्षांच्या शेजाऱ्याशी बोलू शकलो नाही.

आम्ही परतायच्या आठवडाभर आधी त्याला दुसऱ्या इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. मे महिन्यात नोकरी लागली, पगार आधीपेक्षा थोडा कमी. परवा फोनवर म्हणाला, "बाबा, आता तुम्ही या, पेंग्विन दाखवतो." ही म्हणाली, "आधी लायब्ररीसमोर डबा खाऊ, मग बघू पेंग्विन."

जे जाणार आहेत त्यांच्यासाठी चार गोष्टी. विमा, चांगले बूट आणि ट्रामचं भाडं, यात काटकसर करू नका. बाहेर पडाल त्या दिवशी पूर्ण दिवस वसूल करा. स्वेटर नेहमी पिशवीत ठेवा, तिथे सकाळचं ऊन दुपारी टिकेल याचा नेम नाही. आणि खिशात किती आहेत ते पहिल्याच दिवशी मुलांना सांगा, त्यांच्या खिशात किती आहेत तेही विचारा. आम्ही दोघांनीही ते आधी केलं असतं, तर तो आठ दिवस एकटा झुरला नसता.

आपली सोसायटी पंचवीस वर्षांची झाली. एवढ्या वर्षांत आपल्याकडेही कोणाची नोकरी गेली असेल, कोणाचा धंदा बसला असेल, आणि लिफ्टमध्ये आपण "मजेत!" म्हणून उतरलो असू. यापुढे कोणी मला लिफ्टमध्ये खरं सांगितलं, तर मी माझा मजला सोडून त्याच्या मजल्यावर उतरेन, एवढा शब्द देतो.