फोटो झाल्यावर थांबा

मागच्या रांगेतून शिट्ट्या वाजवणाऱ्या पोट्टेहो,

'सातपुड्यातील तणनियंत्रण आणि युवक' यावर मार्गदर्शन करा, असं निमंत्रणाच्या पत्रात लिहिलं होतं. करतो. पण मघाशी स्वागतगीताच्या वेळी पडदा अर्ध्यावर अडकला, तेव्हा मला फार बरं वाटलं. आमच्या वेळीही तो तिथंच अडकायचा. शिपाईमामा बांबू घेऊन धावायचे. आज मामांचा मुलगा धावला.

याच कॉलेजातून आम्ही राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला चिखलदऱ्याच्या घाटाखाली गेलो होतो. काम एकच, रायमुनिया काढायची. पुस्तकात घाणेरी म्हणतात ती. मूळची अमेरिका खंडातली, इंग्रजांच्या काळात बागेच्या शोभेसाठी आली आणि डोंगर गिळून बसली. तिच्या जाळीखाली गवत वाढत नाही. वनस्पतीशास्त्राचे आमचे सर, हे काय, पहिल्याच रांगेत बसलेत, त्यांनी कुदळ हातात घेऊन दाखवलं होतं. वरून छाटायची नाही, छाटली की दुप्पट फुटवे येतात. खोड जमिनीत जिथं शिरतं, त्याच्या चार बोटं खाली मुळावर घाव घालायचा आणि झुडूप उलटं ठेवायचं, मुळ्या आभाळाकडे. नाहीतर पडल्या जागी पुन्हा रुजतं. सर, बरोबर सांगितलं ना? सर मान हलवताहेत, म्हणजे निदान एवढ्यात तरी पास झालो.

आता माझं एकच म्हणणं ऐका. एक जागा धरा आणि पुढच्या वर्षी तिथंच जा. त्याच्या पुढच्याही वर्षी. रायमुनियाची फळं बुलबुल खातात, झाडावर बसून बिया खाली टाकतात, आणि पाऊस पडला की त्या झाडाखाली रोपं तयार. ती हातानं उपटता येतात, पण उपटायला माणूस लागतो. तो कुठं असतो? तो फोटो टाकून दुसऱ्या गावी दुसऱ्या मोहिमेला गेलेला असतो! तुमच्या आईला विचारा, पऱ्हाटीचं निंदण एकदाच करून भागतं का? मोहिमा कमी करा बाप्पा, हेलपाटे वाढवा.

एकाच जागी टिकून राहिलं की काय होतं, ते पायविहीर गावात पाहा. ते इथून काही लांब नाही. २०१२ साली त्या गावाला १९२ हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. उजाड टेकड्यांवर गावकऱ्यांनी झाडं लावली, राखली. २०१४ मध्ये जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार आला आणि तिथली सीताफळं मुंबईत विकली गेली. तिकडे मेळघाटात कोहा, कुंड, बोरी ही गावं पुनर्वसनात उठली, त्यांच्या शेतांवर आधी तरोटा आणि रानतुळस माजली. ती फुलावर येण्याआधी काढत राहावं लागतं, तेव्हा कुठं मारवेल, पवन्या ही गवतं जोर धरतात. गवत आलं की चितळं येतात, मागोमाग... वेळ कमी आहे, वाघाचं तुम्हीच समजून घ्या.

गाडगेबाबा आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे. प्रत्येक भाषणात त्यांचा झाडू येतो. क्रम मात्र कुणी सांगत नाही. बाबा गावात आले की दिवसा झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. त्या हिशेबानं मी आज सकाळीच येऊन मैदानामागचं गाजरगवत उपटायला हवं होतं.

सरपंचसाहेब, हसू नका. टेकडीलगतची तुमची ई-क्लासची जमीन येताना पाहिली. सगळी रायमुनिया. ती या कॉलेजाला तीन वर्षांसाठी नेमून द्या. ठराव तुमचा, कुदळी माझ्याकडून. मुलांनो, नावं आजच ग्रंथपाल मॅडमकडे द्यायची, सांस्कृतिक सचिवांचं नाव पहिलं. हातमोजे ज्याचे त्यानं आणायचे.

प्राचार्य घड्याळ दाखवताहेत. कबड्डीच्या पोरी केव्हाच्या ताटकळल्या आहेत, त्यांना आधी बोलवा.